गॅविन हॅरिसनच्या ड्रमिंगमध्ये नेमकं ऐकायचं काय?

रिफवाला_पुणे

मंडळी प्रश्न जरा येडचाप वाटेल पण विचारतोच, शिव्या घालायच्या असतील तर उत्तर देऊन झाल्यावर घाला. मी मेटलकडे वळलो तोच मुळात ड्रम्समुळे. मेशुगाचा टोमास हाके, लॅम्ब ऑफ गॉडचा आधीचा ख्रिस अ‍ॅडलर, ड्रीम थिएटरचा पोर्टनॉय, हे लोक काय करतायत ते ऐकल्या ऐकल्या अंगावर येतं, आपल्याला वाजवता येत नसलं तरी कळतं की हा माणूस काहीतरी भयंकर करतोय. आता आमच्या कट्ट्यावरच्या एकाला पोर्क्युपाइन ट्री या ब्रिटिश प्रोग्रेसिव्ह रॉक बँडचं वेड लागलंय आणि तो उठसूट त्यांचा ड्रमर गॅविन हॅरिसन, गॅविन हॅरिसन करत असतो. म्हणून इन अ‍ॅबसेन्शिया आणि फिअर ऑफ अ ब्लँक प्लॅनेट हे दोन्ही अल्बम नीट बसून ऐकले. गाणी आवडली, खोटं कशाला बोलू, ट्रेन्स हे गाणं तर डोक्यातून जातच नाहीये. पण ड्रम्स? चांगले आहेत, स्वच्छ आहेत, कुठे चुकत नाही, पण "आईशप्पथ" असं तोंडातून निघावं असं काही सापडलं नाही. आणि मॉडर्न ड्रमर मासिकाच्या वाचकांनी याला २००७ पासून सलग चार वर्षं बेस्ट प्रोग्रेसिव्ह ड्रमर म्हणून निवडलंय म्हणे! मग एवढ्या लोकांना जे ऐकू येतं ते मला का येत नाही? "फील बघ रे फील" असलं मोघम उत्तर नको, कुठल्या गाण्यात कुठे कान लावायचा ते सांगा.

घोस्टनोट_ठाणे

शिव्या कशाला, प्रश्न एकदम बरोबर आहे. मी स्वतः ड्रम्स वाजवतो (कव्हर बँड, लग्नाच्या संगीतमध्येपण वाजवलेत, हसू नका), आणि मलापण हा माणूस कळायला वेळच लागला होता, कारण तो काय करतो ते वेगळं काढून दाखवता येत नाही, काढून टाकलं तरच कळतं.

आणि ते काढून टाकलेलं ऐकायची चक्क सोय आहे. पोर्क्युपाइन ट्रीचा अप द डाउनस्टेअर नावाचा जुना अल्बम आहे, १९९३ चा. तेव्हा बँड असं काही नव्हतंच, जवळपास सगळं त्यांचा गायक-गिटारिस्ट स्टीव्हन विल्सन एकटा करायचा आणि ड्रम्सच्या जागी मशीन. २००५ साली तोच अल्बम पुन्हा काढला तेव्हा मशीन काढून हॅरिसनकडून खरे ड्रम्स वाजवून घेतले. गाणी तीच, बाकीची वाद्यं तीच. बर्निंग स्काय घे, आधी जुनं ऐक आणि लगेच नवीन लाव. मशीनचा हायहॅट (पायाने उघडमिट होणारी झांजांची जोडी) बघ, प्रत्येक ठोका एकाच मापाचा, सुरुवातीला ट्रान्ससारखं छान वाटतं पण थोड्या वेळाने तुझं लक्ष ड्रम्सवरून उडतं आणि गाणं जागच्या जागी उभं राहिल्यासारखं होतं. हॅरिसनच्या व्हर्जनमध्ये तोच रिफ (गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा) चालायला लागतो, आणि नवीन तर काही घातलेलं नाही, मग चालायला का लागला? तर एक ठोका मोठा, दुसरा त्याच्या अर्धा, तिसरा जेमतेम कानावर पडेल एवढा, हायहॅट मधेच अर्धा उघडून लगेच मिटलेला, क्रॅश (जोरात वाजणारी मोठी झांज) ज्या जागी सगळे मारतात तिथे मुद्दाम न मारलेला. असल्या बारीकसारीक गोष्टी आहेत सगळ्या.

घोस्ट नोट म्हणजे काय ते माहीत असेलच, तरी सांगतो. स्नेअरवर काठी जेमतेम इंचभर उचलून टाकायची, दोन जोरकस ठोक्यांच्या मधे, इतकी हळू की मोबाइलच्या स्पीकरवर ऐकूच येत नाही. ते ठोके काढले तर गाण्याची लय तीच राहते पण चाल लाकडी होते. हाके ऐकताना ठोके मोजायचे असतात, इथे मोठ्या ठोक्यांच्या मधे काय चाललंय ते ऐकायचं. आणि कृपा करून हे सगळं ब्लूटूथ स्पीकरवर ऐकू नको, वायरवाला साधा हेडफोन घे.

डबलबेस_दगडू

मुळात पोर्क्युपाइन ट्री मेटल आहे हेच मला मान्य नाही. विल्सन आधी पिंक फ्लॉइडच्या वाटेने चालला होता, मग ओपेथ या स्वीडिश मेटल बँडचा २००१ चा ब्लॅकवॉटर पार्क अल्बम प्रोड्यूस केला आणि साहेबांना जड रिफची चटक लागली, एवढीच स्टोरी. डिस्टॉर्शन लावलं म्हणजे मेटल होत नाही राव. आणि ड्रमर "बारीक" वाजवतो हे कौतुक मला नेहमी सारवासारव वाटतं. मेशुगाच्या ब्लीड गाण्यात हाकेने पायाने जे केलंय ते करून दाखवा म्हणावं, मग बोलू बारीक-जाड.

घोस्टनोट_ठाणे

@डबलबेस_दगडू मेटल आहे की नाही या भांडणात मी पडत नाही, त्यावर इथे आधीच दोन धागे कुलूप लागून पडलेत. पण पायाचं म्हणत असशील तर फिअर ऑफ अ ब्लँक प्लॅनेटमधलं अ‍ॅनेस्थेटाइझ शेवटपर्यंत ऐकलंयस का? मधल्या भागात रिफ थ्रॅशच्या (वेगवान मेटलच्या) अंगाने जातो तिथे हॅरिसनचे पाय व्यवस्थित चालतात, एका बेस ड्रमवर डबल पेडल लावून. त्याला येतं रे. तो ते सतरा-अठरा मिनिटांच्या गाण्यात योग्य जागा येईपर्यंत राखून ठेवतो, आणि म्हणूनच तिथे ते अंगावर येतं. पहिल्या मिनिटापासून तेच असतं तर तू अकराव्या मिनिटाला चहा टाकायला उठला असतास.

रूपक_सात

मी तबलेवाला, मेटल माझ्या मुलामुळे कानावर पडतं, त्यामुळे चुकभूल द्यावी घ्यावी. मुलाने पोर्क्युपाइन ट्रीचं द साउंड ऑफ मुझॅक ऐकवलं तेव्हा माझ्या हातात आपोआप सात मात्रा आल्या. मजा अशी की मुलाला तोपर्यंत कळलंच नव्हतं की ते गाणं सातात आहे! त्याला वाटत होतं साधं चाराचं गाणं आहे. मला वाटतं यातच सगळं आलं. विषम मात्रांचं गाणं विषम आहे हे दाखवणं सोपं असतं, दर आवर्तनाला समेवर जोर दिला की झालं, ऐकणारा लगेच म्हणतो वा, काय अवघड आहे. ते कोणाला खटकूच न देणं हे खरं काम. आमच्याकडे ख्यालाच्या साथीला बसलेला तबलजी तासभर ठेका धरून असतो, टाळ्या गाणाऱ्याला, पण ठेका भरताना कुठे किती भरायचं आणि कुठे हात आखडता घ्यायचा यावर गाणाऱ्याचं अर्धं गाणं उभं असतं. मैफलीत गाणारा स्वतःच मान वळवून दाद देतो तेव्हा समोरच्यांना कळतं की काहीतरी झालं.

घोस्टनोट_ठाणे

काका एक नंबर बोललात. पण एक बारीक हरकत घेतो, राग मानू नका. मुझॅक म्हणजे रूपक असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं दिसतं, तुम्ही तसं म्हणाला नाहीत पण वाचणाऱ्यांसाठी सांगतो. रूपकात सम 'खाली'वर, म्हणजे टाळी नसलेल्या मात्रेवर येते ना, तीं तीं ना, धी ना, धी ना, म्हणजे सुरुवातच हलकी आणि वजन नंतर. रॉकमध्ये बहुतेक वेळा पहिल्या मात्रेवर बेस ड्रम बसतो, वजन तिथेच. मात्रा सात असल्या तरी झोका उलटा.

@रिफवाला_पुणे आता तुझ्यासाठी खेळ. मुझॅक लाव आणि एकाआड एक मात्रेला टाळी दे, २, ४, ६ अशी, जशी कुठल्याही रॉक गाण्याला आपण देतो. सात हा विषम आकडा, त्यामुळे पुढच्या फेरीत तुझी टाळी १, ३, ५, ७ वर पडेल, त्याच्या पुढच्या फेरीत परत २, ४, ६. म्हणजे चौदा मात्रांनी चक्र पूर्ण होतं. हे करताना लक्षात येईल की गाणं तुला कुठेही ढकलून पाडत नाही, तू टाळ्या देत राहतोस आणि तो खालून काठ्या अशा टाकतो की दोन्ही बाजूंना पाय टेकतो. आणि मग कोरस येतो तो सरळ चारात. ती सातातून चारात जायची जागा चार-पाच वेळा मागे नेऊन ऐक. कुठे दार वाजल्याचा आवाज येतो का बघ. नाही येत. मी ही गोष्ट बँडमध्ये वाजवायला घेतली होती तेव्हा आमचं दार दर वेळेला धाडकन वाजायचं, बेसिस्ट तर माझ्याकडे बघायचाच बंद झाला होता.

टेम्सकाठी

लंडनहून लिहितोय. नोव्हेंबर २०२२ ला वेम्बली अरीनाला यांना बघितलं, तेव्हा बँड जवळजवळ बारा वर्षांनी परत आला होता, जुना बेसिस्ट कोलिन एडविन नव्हता, बेसवर नेट नवारो. मी त्याच्या आधी डीव्हीडी पारायण केलेला माणूस, तरी समोर बघितल्यावर एक गोष्ट डोळ्यात भरली जी रेकॉर्डवर लक्षात येत नाही. हा माणूस हलतच नाही! खांदे स्थिर, तोंडावर काही नाही, बँकेत पासबुक भरायला बसल्यासारखा, आणि मनगटाखाली मात्र सगळा बाजार चालू. त्याच्या सेटवर मोठ्या झांजांच्या मधे छोटे छोटे स्प्लॅश आणि घंटीसारखे वाजणारे तुकडे असतात, ते तो फिलमध्ये (दोन ओळींना जोडणाऱ्या ड्रम्सच्या छोट्या तुकड्यात) अधूनमधून एखादाच टिपतो, दागिना घातल्यासारखा नाही तर वाक्यात स्वल्पविराम द्यावा तसा. हॅरिडन ऐकलं नसेल तर ऐका, क्लोजर कंटिन्युएशन अल्बमचं पहिलं गाणं, पाच मात्रांचं, सुरुवातीला बेस आणि ड्रम्सच आहेत. ते जन्मलंच तसं, विल्सन त्याच्या घरी गेला असताना दोघं नुसते बेस आणि ड्रम्सवर जॅम करत होते. श्रेयातपण विल्सनसोबत हॅरिसनचं नाव आहे. आधीच्या अल्बमांत बहुतेक गाणी एकट्या विल्सनच्या नावावर असायची, ड्रमरने गाण्याचा चेहरा कितीही बदलला तरी कागदावर त्याचं नाव येत नाही, हा सगळ्याच बँडांचा रिवाज आहे आणि मला तो कधीच पटलेला नाही.

जुना_कॅसेटवाला

सगळे हॅरिसनची आरती करताय ते ठीक आहे पण त्याच्या आधीच्या ड्रमरला, ख्रिस मेटलंडला, एकदम पुसून टाकू नका. १९९३ पासून २००२ पर्यंत तोच होता. सिग्निफाय, स्टुपिड ड्रीम, लाइटबल्ब सन हे त्याचे अल्बम, आणि तो नुसता ड्रमर नव्हता, विल्सनच्या सोबतीला वरचे सूर गायचापण. हॅरिसन आला पण तो गात नाही, म्हणून मग दौऱ्यावर जॉन वेस्ली गिटार आणि गाण्याला घ्यावा लागला. हे कोणी बोलत नाही. मेटलंडचा हात सैल होता, थोडा सायकेडेलिक, त्या गाण्यांना तोच शोभतो. माझं मत विचाराल तर जुनी गाणी हॅरिसनने लाइव्ह वाजवली तेव्हा कधी कधी जास्तच इस्त्री झाल्यासारखी वाटली. २००९ ला आयआयटीच्या मूड इंडिगोला पवईत आले होते तेव्हापण मी हेच म्हणालो होतो आणि मित्रांनी मला पार स्टेशनपर्यंत बोलणी ऐकवली.

घोस्टनोट_ठाणे

तुम्ही पवईला होतात?? सोडा, जळजळ होते. मेटलंडचा मुद्दा मान्य, विशेषतः लाइटबल्ब सन. इस्त्रीचा अर्धा मान्य.

रिफवाला_पुणे

ओके, होमवर्क करून आलोय. अप द डाउनस्टेअर दोन्ही व्हर्जन ऐकली. फरक कळला, म्हणजे कोणीही सांगेल एवढा आहे. पण माझी शंका अशी की मशीनच्या शेजारी कुठलाही बरा ड्रमर बसवला तरी गाणं जिवंत वाटणारच ना? त्यात हॅरिसनचं असं खास काय सिद्ध झालं? टाळ्यांचा खेळ पण केला, घरचे दार उघडून बघून गेले. सातातून चारात जाताना खरंच काही कळत नाही हे मान्य, ते आवडलं. पण मला अजून असं एक ठिकाण दाखवा जिथे दुसऱ्या चांगल्या ड्रमरने सोपं काहीतरी वाजवलं असतं आणि याने नाही वाजवलं.

मिक्सर_कोथरूड

मी साउंडचं काम करतो, मधे बोलतो. शंका बरोबर आहे. त्यासाठी इन अ‍ॅबसेन्शियाची २०२० ची डिलक्स आवृत्ती शोध, त्यात विल्सनचे डेमो आहेत. डेमोत ड्रम्स विल्सनने स्वतः प्रोग्रॅम केलेत, म्हणजे गाणं लिहिणाऱ्याच्या डोक्यात ड्रम्स काय होते त्याचा नकाशाच मिळतो. विल्सनला ड्रम्स कळत नाहीत असं तर कोणी म्हणणार नाही. ते डेमो आणि मग अल्बम असं लागोपाठ ऐक. सांगाडा बराचसा तोच ठेवलाय, हॅरिसनने येऊन मोडतोड केली नाही, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, नवीन माणूस बँडमध्ये आला की त्याला आपली सही मारायची घाई असते. पण त्या सांगाड्यात दुसरं कडवं पहिल्यासारखं राहत नाही. पहिल्या कडव्यात बंद हायहॅट असेल तर दुसऱ्यात तोच ठेका दुसऱ्या झांजेवर गेलेला, किंवा बेस ड्रमचा एक ठोका अर्धी मात्रा आधी सरकलेला. गायकाने तीच चाल गायली तरी तुला वाटतं गोष्ट पुढे सरकली. आमच्याकडे रेकॉर्डिंगला येणारे बरेच ड्रमर पहिलं कडवं वाजवतात आणि मग म्हणतात "दुसरीकडे कॉपी पेस्ट करून टाका ना". हॅरिसनचा ट्रॅक तसा कॉपी पेस्ट केला तर गाणं लगेच लंगडेल.

आणि एक, अ‍ॅनेस्थेटाइझचा पहिला भाग, अ‍ॅलेक्स लाइफसनचा सोलो येईपर्यंतचा (हो रश बँडचा लाइफसन). तिथे गिटार आणि कीबोर्ड जवळपास गप्प आहेत, आवाज शांत, सगळी हालचाल टॉम आणि हायहॅटवर. नुसते ड्रम्स ऐक. दर काही ओळींनी फिल थोडे दाट होत जातात पण आवाजाची पट्टी वाढत नाही, त्यामुळे वरचं गाणं झोपाळू वाटतं आणि खाली काहीतरी उकळतंय हे नुसतं जाणवत राहतं. पोरगा गोळ्या खाऊन स्क्रीनसमोर सुन्न बसलाय हा त्या अल्बमचा विषय आहे. चांगला ड्रमर इथे सुन्न वाजवेल, म्हणजे साधं चारचं, हळू. भारी ड्रमर दणकून दाखवेल. याने वर सुन्न आणि आत बेचैन असं वाजवलं. तू विचारलेलं ठिकाण माझ्यामते हेच.

रूपक_सात

सुंदर लिहिलंत. मुलाला वाचायला दिलं.

डबलबेस_दगडू

@मिक्सर_कोथरूड हे बरं लिहिलंय, मान्य करतो. रात्री अ‍ॅनेस्थेटाइझ लावलं परत. थ्रॅशचा भाग आवडला, त्याच्या आधीचा भाग अजूनपण लांबण वाटतो. मेटल नाहीच म्हणतो मी.

घोस्टनोट_ठाणे

दगडू तुझ्याकडून एवढं म्हणजे भारतरत्नच.

@रिफवाला_पुणे अजून खोलात जायचं असेल तर त्याचं रिदमिक इल्यूजन्स नावाचं पुस्तक आहे, १९९६ चं, म्हणजे तो पोर्क्युपाइन ट्रीत यायच्या बरंच आधीचं. वाजवणाऱ्यांसाठी आहे, पण त्यातली कल्पना ऐकणाऱ्यालाही कळेल. आख्खा साधा ठेका उचलून अर्ध्या मात्रेने पुढे ठेवायचा, बाकी काही बदलायचं नाही. ऐकणाऱ्याला वाटतं पहिली मात्राच हलली किंवा लय बदलली, प्रत्यक्षात लय जिथल्या तिथे. हे ज्याला झोपेत येतं तो माणूस गाण्यात मात्र ते क्वचितच वापरतो, आणि वापरलं तरी गाणं म्हणणाऱ्याच्या पायाखालची सतरंजी ओढत नाही. त्याआधी तो बरीच वर्षं सेशन ड्रमर होता, इटलीत क्लॉदिओ बाल्योनीसारख्या गायकांमागे वाजवायचा, वडील जाझमधले ट्रम्पेटवाले. गायकाच्या मागे कसं बसायचं हे तिथून आलं असणार असं मला वाटतं, पुस्तकातून नाही.

रिफवाला_पुणे

डेमो मिळाले, ऐकतोय. दुसऱ्या कडव्याचं जे सांगितलंत ते ब्लॅकेस्ट आइजमध्ये शोधत बसलो आणि आता त्रास असा झालाय की बाकीच्या बँडांची दुसरी कडवी ऐकवेनात. माझे लाडके दोन अल्बम त्यात गेले, नावं नाही सांगत. अजून "आईशप्पथ" निघालेलं नाही हे मात्र नोंदवून ठेवतो. कट्ट्यावरचा मित्र आता म्हणतो किंग क्रिमसनचं २०१४ नंतरचं लाइव्ह ऐक, ऐकू का?

टेम्सकाठी

इतक्यात नको. तिथे स्टेजच्या पुढे तीन-तीन ड्रमर रांगेत बसलेले असतात आणि हॅरिसन त्यातला एक. कोण काय वाजवतंय ते वेगळं करता करता जीव जाईल. आधी पोर्क्युपाइन ट्रीचाच डेडविंग अल्बम कर, त्यात अरायव्हिंग समव्हेअर बट नॉट हिअर, बारा मिनिटांचं, ओपेथचा ओकरफेल्टपण आहे त्यात म्हणजे दगडूलापण चालेल.

डबलबेस_दगडू

ओकरफेल्ट आहे? लिंक टाका.